काचेच्या निबचं जुनं पेन: या चुका टाळा

काचेची निब लिहिताना क्वचितच फुटते. फुटते ती धुताना, उपसताना आणि टोपण लावताना. म्हणून आजोबांच्या ट्रंकेत असं पेन सापडलं, तर त्याच दिवशी शाई भरायची घाई करू नका.

आधी रचना समजून घ्या. धातूच्या निबला मधोमध चीर असते, काचेच्या निबला चीर नसते. तिच्या अंगावर पिळाच्या किंवा सरळ खाचा असतात आणि शाई केशाकर्षणाने त्यांतून टोकाशी उतरते. अनेक पेनांत निबखालची, शाई पोचवणारी वेगळी जीभच नसते. शाई खाली येते ती आणि हवा आत जाते तीही याच खाचांतून. त्यामुळे खाचेत वाळलेली शाई अडकली की पेन बंद. जपानमध्ये काचेच्या घंटा घडवणाऱ्या सासाकी सादाजिरो या कारागिराने 1902 मध्ये काचेचा टाक केला. पुढे अशा निबा फाउंटन पेनांतही आल्या. जर्मनीत 1930 च्या दशकाच्या अखेरीस निबसाठी लागणाऱ्या सोन्यावर निर्बंध आले, तेव्हा तिथेही त्या चालल्या. काच गंजत नाही, वाकत नाही, आणि पेन बोटांत कसंही फिरवलं तरी रेघ तीच. या पेनांची ओढ लागते ती यामुळेच.

पकडीने निब उपसणे

सर्वांत जास्त निबा इथेच जातात. जुन्या शाईने निब मानेत, म्हणजे ती जिथे बसवलेली असते त्या पुढच्या भागात, चिकटलेली असते. पकड लावली की ती बुडाशी तुटते आणि तुकडा आत राहतो. फक्त निब आणि मान बुडेल इतकं पाणी वाटीत घ्या, 12 ते 24 तास ठेवा, रंग उतरला की पाणी बदला. टोपण आणि मागची नळी भिजवू नका, कारण काळं एबोनाइट (कडक केलेलं रबर) पाण्यात तपकिरी पडतं. मग सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा निबवर गुंडाळून घड्याळाच्या उलट दिशेने हळूहळू फिरवत सरळ रेषेत ओढा. हलली नाही तर आणखी एक दिवस भिजवा. जोर वाढवू नका.

गरम पाणी

नागपुरात ही चूक नकळत होते. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला चटका देणारं येतं. कूलरच्या खोलीतली थंड निब त्याखाली धरली, तर काचेला तडा जाऊ शकतो. सेल्युलॉइडची (जुन्या प्लास्टिकची) नळी उष्णतेने वाकते ती वेगळीच. घरात तासभर ठेवलेलं पाणी वापरा. शेवटचा हात डिस्टिल्ड वॉटरचा द्या, इन्व्हर्टरसाठी मिळतं ते चालेल, म्हणजे खाचांत क्षार बसत नाहीत. स्पिरिट आणि नेलपॉलिश रिमूव्हर सेल्युलॉइडच्या जवळही नको.

रबरी पिशवी तशीच ठेवणे

पेन हलवल्यावर आत खुळखुळलं, तर शाई साठवणारी पिशवी कडक होऊन तुटलेली आहे. शाई भरू नका. पिशवीचा नंबर म्हणजे इंचाच्या 64 भागांतला व्यास. 16 नंबरची पिशवी 6.35 मिलिमीटर. ती नळीत सैल जावी, घासता कामा नये. मानेच्या टोकावरचं जुनं रबर खरवडा, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचा पातळ हात द्या, पिशवी चढवून रात्रभर वाळू द्या. फेव्हिक्विक लावू नका. पुढच्या वेळी ते सुटणार नाही आणि मानच फुटेल. लाख थोड्या उबेने सुटते, म्हणून जुने कारागीर तीच वापरत.

टोकावर सँडपेपर

पेन खरखरतं म्हणून लगेच घासायला घेऊ नका. पेन बोटांत थोडंथोडं फिरवून प्रत्येक बाजूने एक रेघ ओढा. एकाच बाजूला खरखर असेल, तर तिथे बारीक टवका आहे. सगळीकडे असेल, तर टोक झिजलंय किंवा कागद भरड आहे. टवका असेल तर 2000 नंबरच्या वॉटर पेपरवर, ओल्यातच, लिहिण्याच्याच कोनात पेन फिरवत छोटी वर्तुळं काढा. दर दहा वर्तुळांनंतर लिहून पाहा. कोरडं घासू नका, काचेची धूळ श्वासात जाते. घासून रेघ जाड होणारच. खाचा टोकापर्यंत उरल्या नाहीत, तर शाईच येणार नाही.

शाई आणि ऊन

कॅम्लिनची रॉयल ब्लू यांसारखी साधी फाउंटन पेनची शाई उत्तम. इंडियन इंक, चमकीची शाई आणि जुन्या वड्यांपासून केलेली गाळ धरणारी शाई भरू नका. हा गाळ खाचांत बसतो.

पेन ठिबकतं त्याचं कारण बरेचदा ऊन असतं. 25 अंशांच्या खोलीतून 45 अंशांत गेलं, की आतली हवा सुमारे 7 टक्के फुगते. पिशवीत अर्धा मिलिलिटर हवा असेल, तर अर्ध्या थेंबाहून जास्त शाई टोपणात येते आणि मग शर्टावर. उन्हाळ्यात बाहेर नेताना पेन पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामं ठेवा, आणि खिशात निब वरच्या बाजूला.

बदललेली निब न मोजता टोपण लावणे

नवी निब मूळ निबपेक्षा लांब असली, तर टोपण फिरवताना ती आत आदळते. उदबत्तीची काडी टोपणात तळापर्यंत घाला आणि टोपणाच्या काठाशी खूण करा. निबच्या टोकापासून, टोपण लावल्यावर त्याचा काठ पेनवर जिथे येतो तिथपर्यंतचं अंतर मोजा. ते काडीच्या खुणेपेक्षा निदान 2 मिलिमीटर कमी हवं. नसेल तर निब थोडी आत बसवता येते का पाहा. नाहीच जमलं, तर दुसरी आखूड निब शोधा आणि तोवर टोपण लावू नका.