स्पीच थेरपीच्या सीट्स किती ठेवायच्या, हा हिशोब कसा मांडायचा

स्पीच अँड लँग्वेज थेरपीच्या कोर्सच्या सीट्स ठरवायची मीटिंग बसली की पहिला प्रश्न येतो "वर्गात किती जण मावतील?" माझं कळकळीचं सांगणं आहे, हा प्रश्न सगळ्यात शेवटी घ्या.

सुरुवात पेशंटपासून करा. शाळेतल्या तीस मुलांच्या वर्गात साधारण दोघांना भाषेचीच अडचण असते, म्हणजे कान ठीक, पोरगं हुशार, पण वाक्य जुळत नाही. स्ट्रोक झालेल्यांत साधारण तिघांत एकाला अ‍ॅफेजिया होतो (म्हणजे बोलणं किंवा बोललेलं समजणं बिघडतं), गिळण्याचा त्रास तर सुरुवातीच्या दिवसांत त्याहून जास्त जणांना. शिवाय तोतरेपणा, ऑटिझम, पार्किन्सन्स, कॉक्लिअर इम्प्लांटची (ऐकू येण्यासाठी कानात यंत्र बसवलेली) मुलं. हे सगळं धरून दरवर्षी किती नवे पूर्णवेळ थेरपिस्ट लागतील तो आकडा काढा, रिटायर होणाऱ्यांची जागाही त्यातच धरा.

मग उलटं मोजत या. समजा 100 अ‍ॅडमिशन दिल्या, 85 पास झाले, 76 या कामात टिकले, आणि बरेच जण अर्धवेळ करतात म्हणून सरासरी 0.8 धरली, तर हातात पडतात 61 पूर्णवेळ थेरपिस्ट. हे आकडे उदाहरणापुरते, तुमचे मागच्या पाच बॅचेसवरून काढा.

पण खरी गाडी अडते ती क्लिनिकल पोस्टिंगला, म्हणजे विद्यार्थी थेरपिस्टच्या हाताखाली प्रत्यक्ष पेशंटवर शिकतो तिथे, आणि इथेच सगळ्यात कमी वेळ दिला जातो. गिळण्याची तपासणी डोळ्यांसमोर आणा: पेशंट पलंगावर ताठ बसवलेला, चमच्यात जरासं घट्ट केलेलं पाणी, थेरपिस्टची बोटं त्याच्या गळ्यावर, घोट घेताना स्वरयंत्र वर उचललं जातंय का ते बोटांना कळतं, आणि मग गिळल्यावर आवाज ओलसर येतो का ते ऐकायचं. हे लेक्चर हॉलमध्ये साठ जणांना शिकवता येत नाही. शेजारी एक विद्यार्थी उभा राहतो, फार तर दोन.

म्हणून ब्लॉक मोजा, म्हणजे एका विद्यार्थ्याच्या सलग पोस्टिंगचा एक तुकडा तो एक ब्लॉक. तिसऱ्या वर्षाला 30 विद्यार्थी, प्रत्येकाला सहा आठवड्यांचे दोन ब्लॉक, म्हणजे 60 ब्लॉक झाले. एक थेरपिस्ट वर्षाला दोन ब्लॉक घेत असेल तर 30 थेरपिस्ट लागले, तेही एकाच वर्षाच्या बॅचसाठी. सीट्स वाढवायच्या आधी हॉस्पिटलं, शाळा, पुनर्वसन केंद्रं यांच्याकडून हे ब्लॉक लेखी घ्या, आणि विद्यार्थी शिकवणाऱ्या थेरपिस्टच्या केसेस तेवढ्या दिवसांपुरत्या कमी करून द्या, नाहीतर दुसऱ्या वर्षी तो नाहीच म्हणेल आणि त्याचं काही चुकलेलं नसेल.

अ‍ॅडमिशन देताना पेशंट ज्या भाषा बोलतात त्या बोलणारे विद्यार्थी येतायत का हेही बघा, कारण घरची भाषा न येणाऱ्याला मुलाची चूक आणि बोलीतला फरक वेगळा करता येणं फार अवघड जातं.

आणि एखाद्या वर्षी पैसे कमी पडले म्हणून सीट्स एकदम अर्ध्यावर आणू नका, कोर्स तीन-चार वर्षांचा असतो, त्यामुळे आज केलेली कपात वेटिंग लिस्टवर दिसायला लागते तोवर ती बॅच परत आणता येत नाही.