टूर मॅनेजरची पहिली श्रीलंका: बिबट्याचं प्रॉमिस करू नका

टूर मॅनेजर व्हायचंय, फुकट फिरायला मिळतं ना, असं मला बरेच जण विचारतात. मिळतं हो. पण आपण सगळ्यात आधी उठतो आणि सगळ्यात शेवटी जेवतो, आणि सिगिरियाला, म्हणजे तिथल्या उंच खडकावरच्या किल्ल्याला, मी इतक्या वेळा जाऊनही माथ्यापर्यंत पोचलोय फक्त तीनदा, कारण पायथ्याशी कोणीतरी गुडघे धरून बसतंच आणि त्यांच्याजवळ कोणीतरी थांबावं लागतं. ते कोणीतरी म्हणजे आपण.

पहिल्या टूरला मी घरून जय्यत अभ्यास करून गेलो होतो. 5व्या शतकातला कश्यप राजा, बापाला मारून गादीवर बसला, भावाच्या भीतीने राजधानी त्या खडकावर नेली, हे सगळं मी बसमध्येच रंगवून सांगून टाकलं. लोकल गाइड शेजारी गप्प बसून होता. दुसऱ्या दिवशी त्याला सांगायला काय उरणार? वर तिकडे गाइडला सरकारी लायसन्स लागतं, आपण साइटवर उभं राहून भाषण ठोकायचं नसतं. तेव्हा अभ्यास जरूर करा, पण गाइडला चांगले प्रश्न विचारता यावेत एवढ्यासाठी.

मग आपलं काम काय, तर घड्याळ आणि माणसं. सिगिरियाला साधारण 1200 पायऱ्या आहेत आणि ऊन चढलं की खडक तापतो, म्हणून सकाळी गेट उघडायच्या आधी बस तिथे लागली पाहिजे, म्हणजे नाश्ता पॅक करून घ्या, म्हणजे आदल्या रात्रीच हॉटेलला सांगा. वर मधमाश्यांची पोळी आहेत, आरडाओरडा नको हे आधीच बजावा. भित्तिचित्रांचे फोटो काढायला बंदी आहे. कँडीच्या दंतमंदिरात (बुद्धाचा दात जपलेलं देऊळ) खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, हे बसमध्ये तीनदा सांगूनही एक काका हाफ पँटमध्ये उतरतातच, म्हणून माझ्या बॅगेत कायम दोन लुंग्या. बुद्धाकडे पाठ करून सेल्फी काढणं तिथे अपमानाचं समजतात, त्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. आणि पौर्णिमा कधी आहे ते बघून ठेवा. तो पोयाचा दिवस, सरकारी सुट्टी, दारूविक्री बंद, देवळांत गर्दी.

जेवणाचं एकच सांगतो. पोल संबोल म्हणजे खोबऱ्याची लालभडक चटणी, दिसायला शुद्ध शाकाहारी, पण त्यात बऱ्याचदा वाळवलेल्या माशाचा चुरा असतो. व्हेज ग्रुप असेल तर आधी किचनमध्ये जाऊन विचारा, टेबलावर कळलं तर पुढचे चार दिवस कोणी कशालाच हात लावत नाही.

आता प्राणी. आयटिनरी हातात आली की आधी महिना बघा. या देशाला दोन मान्सून आहेत, मे ते सप्टेंबर नैऋत्येचा आणि साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा. मिरिस्साच्या समुद्रातले ब्लू व्हेल नोव्हेंबर ते एप्रिल, मिन्नेरिया तलावाकाठचा हत्तींचा मेळा जुलै ते सप्टेंबर. तलावाचं पाणी उतरतं, उघड्या पडलेल्या जमिनीवर कोवळं गवत उगवतं आणि कळपच्या कळप तिथे येतात. म्हणजे एकाच टूरमध्ये दोन्ही बघायचंय म्हणणाऱ्या पाहुण्याला निघायच्या आधीच नाही म्हणा. सुळेवाला हत्ती हवा म्हणून हट्ट धरणारेही भेटतील, तर माद्यांना सुळे दिसत नाहीत आणि तिथल्या नरांमध्येसुद्धा फार थोड्यांना असतात.

याला नावाच्या नॅशनल पार्कमध्ये मात्र मी तोंडावर आपटलो. श्रीलंकेत वाघ नाही, सिंह नाही, बिबट्याच राजा, त्यामुळे तो दिवसाढवळ्या खडकावर पसरलेला दिसू शकतो, हे खरंच आहे. मी उत्साहात बोलून गेलो की उद्या नक्की दिसणार. 22 माणसं, चार जीप. पहिल्या तीन जीपना दिसला, चौथी मागच्या ट्रॅफिकमध्ये अडकली (ड्रायव्हर एकमेकांना फोन करतात, मग सगळे एकाच वळणावर), पोचेपर्यंत साहेब झुडपात. त्या रात्री जेवताना तीन टेबलांवर फोटोंची देवाणघेवाण आणि चौथ्यावर सुतकी शांतता. एक काकू म्हणाल्या, आमचे पैसे काय कमी होते का. काय बोलणार, मी भात वाढून घेतला.

तेव्हापासून आदल्या रात्री जीपच्या चिठ्ठ्या काढतो, म्हणजे कोणी कुठे बसायचं हा माझा निर्णय राहत नाही. स्वतः शेवटच्या जीपमध्ये बसतो. बिबट्याचं नावसुद्धा काढत नाही, मोर, मगरी, रानम्हशी, अस्वल यांच्याबद्दल बोलतो, जून-जुलैत पालू नावाच्या झाडाची फळं पिकतात तेव्हा अस्वल दिसायचा चान्स चांगला असतो. दिसला बिबट्या तर बोनस. आणि तारखा पक्क्या करण्याआधी पार्क चालू आहे ना ते विचारा, कोरड्या दिवसांत, बहुतेक सप्टेंबरच्या सुमारास, यालाचा मुख्य भाग काही आठवडे बंद ठेवतात. तेव्हा उडावलावेच्या पार्ककडे वळवा, तिथे हत्ती बारा महिने.

त्या काकूंचा मेसेज अजून येतो. यंदा चौथ्या जीपला दिसला का म्हणून.