जुने मीटर बोलेनात: तिसऱ्या रेझिस्टरची गोष्ट

३३/११ केव्ही उपकेंद्रातले जुने फीडर मीटर मॉडबसवर (यंत्रांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत) चालणारे. गेटवेमार्फत (मीटरचा डेटा पुढे पाठवणारं यंत्र) कंट्रोल रूमला जोडायचे होते. दिवसभर नुसता टाइमआउट, मीटरकडून उत्तरच नाही! डेटाच्या ए-बी वायरी उलटून पाहिल्या, बॉड रेट (डेटाचा वेग), पॅरिटी (चूक पकडणारा बिट) तपासली. काही नाही. शेवटी सगळ्यांचा सप्लाय काढून त्या दोन वायरींत मल्टिमीटर लावला: ४० ओम. सिग्नल टोकावरून परत उसळू नये म्हणून लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओमचे रेझिस्टर लावतात; ते दोनच असतील तर ६० यायला हवेत. म्हणजे मध्ये तिसरा! मधल्याच एका मीटरच्या टर्मिनलमागे, धुळीत बसलेला सापडला. तो काढला आणि सगळे बोलू लागले.

मग आर फेजच्या रकान्यात वाय फेजचा करंट. (हे तर नेहमीचंच.) मॅन्युअलमधला ४०००१ हा रजिस्टर (मीटरमधला डेटाचा कप्पा) म्हणजे गेटवेत ०, म्हणजे आम्ही एक कप्पा पुढचा वाचत होतो; सगळे पत्ते एकने मागे घेतले.