पोरगा पिचर झाला की स्कोअरबुक आईने घ्यावी

आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझा मुलगा लिटल लीग, म्हणजे लहान मुलांचं बेसबॉल, खेळतो, पिचर (आपल्या बॉलरसारखा, बॅटरला चेंडू टाकणारा) आहे आणि त्याच्या टीमची स्कोअरबुक मी लिहिते. क्रिकेटवर वाढलेल्या मराठी घरातल्या आयांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: डब्याची पाळी कुणीही घेईल, तुम्ही वही मागून घ्या. मॅचभर पोराच्या खांद्याकडे एकटक बघायला मिळतं ते याच कामात.

आधी मैदानावरच्या जागांचे आकडे पाठ करा. पिचर १, कॅचर (बॅटरमागे चेंडू झेलणारा) २, पहिला बेस (बेस म्हणजे धावताना गाठायचे टप्पे) ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) ६, मग डावीकडून उजवीकडे आउटफिल्डचे, म्हणजे मागच्या मैदानातले, ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून पहिल्या बेसवर फेकला आणि बॅटर बाद झाला, की ६-३ लिहायचं. आमच्या सासूबाई सुट्टीला आल्या तेव्हा दोन-तीन मॅचमध्ये हे शिकल्या. आता फोनवर नातवाला ६-४-३ (शॉर्टस्टॉप, दुसरा बेस, पहिला बेस, अशा फेकींनी एकदम दोघं बाद) झालं का, असं विचारतात.

खरं काम पिच काउंटचं. २००७ पासून लिटल लीग इनिंग नव्हे, तर टाकलेले चेंडू मोजते. एका दिवसाची मर्यादा ७-८ वर्षांना ५०, ९-१० ला ७५, ११-१२ ला ८५. बॅटरला टाकलेला प्रत्येक चेंडू धरायचा, फाउल, म्हणजे बॅटला लागून रेषेबाहेर, गेलेलाही. तीन स्ट्राइक (हुकलेले किंवा सोडलेले चांगले चेंडू) झाले की बॅटर बाद, पण दोन स्ट्राइकनंतर नुसत्या फाउलवर तो बाद होत नाही, त्यामुळे एखादा चिवट पोरगा आठ-नऊ चेंडू सहज खातो. पाच-पाच रेघांचे जुडगे करा आणि इनिंग संपली की समोरच्या टीमच्या वहीशी आकडा ताडून बघा. शेवटी वाद घालण्यापेक्षा हे बरं.

मग विश्रांती. चौदा वर्षांपर्यंत २० चेंडूंपर्यंत सुट्टी लागत नाही. २१ ते ३५ ला एक दिवस, ५० पर्यंत दोन, ६५ पर्यंत तीन, ६६ पासून पुढे चार. ४१ किंवा जास्त टाकले तर त्या दिवशी कॅचरही व्हायचं नाही, कारण कॅचरही दर चेंडूला परत फेकतच असतो.

इथेच घरच्यांची गरज लागते. मुलगा शनिवारी लीगमध्ये आणि रविवारी ट्रॅव्हल टीममध्ये (गावोगावी जाऊन खेळणाऱ्या वेगळ्या टीममध्ये) खेळत असेल, तर या वहीतलं त्या वहीत जात नाही. बाबांनी अंगणात टाकून घेतलेले चेंडू तर कुठेच नसतात. सगळी बेरीज एकट्या घरालाच माहीत असते. आमच्याकडे ती स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर असते. पूर्वी दुधाचा हिशोब लिहायचे, त्याच चौकटीत लाल पेनाने पिच काउंट.

वाढत्या वयात कोपराच्या आतल्या बाजूचं हाड अजून कूर्चेने जोडलेलं असतं. सतत फेकून ती दुखावते. पोरगा कोपर चोळताना दिसला, किंवा आंघोळीच्या वेळी हात वर न्यायला कुरकुरला, तर फेकणं त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरांकडे. बर्फ लावून, गोळी देऊन फायनलला उतरवणं हा त्या लेकरावर अन्याय आहे, असं मी स्पष्ट म्हणते.

बायकांना यातलं काय कळतं, असं कुणी म्हणालंच तर हेलन कॅलाहान सांगा. अमेरिकेतल्या मुलींच्या व्यावसायिक लीगमध्ये १९४५ साली .२९९ च्या सरासरीने (दहा संधींत जवळपास तीन यशस्वी फटके) ती फलंदाजीत पहिली आली. तिचा मुलगा केसी कँडेल पुढे मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, खेळला.

कोचशी मॅचआधी बोला, सगळ्यांसमोर नको. आवाज न चढवता वही उघडून दाखवायची: "काल दुसऱ्या टीमकडून ४८ झालेत, दोन दिवस पिचिंग नको." शॉर्टस्टॉपलाही नको, तिथून पहिला बेस लांब पडतो. दुसऱ्या बेसवर उभा करा म्हणावं, तिथली फेक जवळची असते.