बॅकअप सुरू झाला की सर्व्हर का धापा टाकतो: नव्या सिस्टिम ॲडमिनसाठी

सिस्टिम ॲडमिनच्या नोकरीत नव्याने लागलेल्याच्या गळ्यात बॅकअपचं काम हमखास पडतं आणि पाठोपाठ अलर्ट येतो: रात्री दीड वाजता लोड २२, सर्व्हरला कोअर फक्त ४. चालू बॅकअप मारून टाकण्याआधी हा आकडा काय सांगतो ते नीट समजून घ्या. लिनक्सवरचं लोड ॲव्हरेज म्हणजे सीपीयूचा वापर नव्हे. सीपीयूसाठी रांगेत उभ्या असलेल्या प्रोसेस त्यात धरल्या जातातच, पण डिस्कच्या उत्तराची वाट बघत अडकलेल्या, म्हणजे टॉप या कमांडमध्ये ज्यांची स्थिती 'डी' दिसते, त्या प्रोसेसही धरल्या जातात. त्यामुळे लोड २२ असताना सीपीयू बऱ्यापैकी मोकळा असू शकतो. बॅकअपच्या वेळी बहुतेकदा तसंच असतं.

म्हणून आधी मोजा. व्हीएमस्टॅट ही कमांड दर सेकंदाला चालवा आणि 'बी' (अडकलेल्या प्रोसेस), 'डब्ल्यूए' (डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ), 'यूएस' (प्रोग्रॅमनी वापरलेला सीपीयू) आणि 'एसटी' (दुसऱ्या मशीननी पळवलेला सीपीयू) हे रकाने बघा. 'बी' आणि 'डब्ल्यूए' चढलेले असतील तर डिस्क अडली आहे. 'यूएस' भरलेला आणि 'डब्ल्यूए' शून्याजवळ असेल तर कॉम्प्रेशन सीपीयू खातंय. व्हर्च्युअल मशीनवर 'एसटी' वाढलेला दिसला तर खालच्या यंत्रावर सीपीयूची ओढाताण चालू आहे. तिथे त्याच यंत्रावरच्या शेजारी मशीनांचे बॅकअपही त्याच मुहूर्तावर सुरू झालेले असू शकतात. मग डिस्कचे आकडे देणारी आयओस्टॅट कमांड एक्स्टेंडेड रूपात चालवून 'अवेट', म्हणजे डिस्कच्या एका विनंतीला लागणारा वेळ, बघा (नव्या आवृत्त्यांत तो वाचनाचा आणि लेखनाचा वेगळा दिसतो). एसएसडीवर तो साधारण एक-दोन मिलिसेकंदांत असतो. बॅकअप चालू असताना ५०-१०० झाला तर वेबसाइटची प्रत्येक क्वेरी त्याच रांगेत ताटकळते आहे. 'युटिल १००' वर, म्हणजे डिस्क पूर्ण वेळ गुंतलेली दिसण्यावर, मात्र फार विसंबू नका. एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडीचा एक प्रकार) एकाच वेळी अनेक विनंत्या हाताळते, त्यामुळे १०० टक्के दिसूनही तिच्यात जागा शिल्लक असते. कोणती प्रोसेस डिस्क ओढते आहे ते पिडस्टॅट ही कमांड सांगते. सकाळी मागे वळून बघायला 'सार' नावाची कमांड आहे, पण त्याची नोंद सहसा दर १० मिनिटांनी होते आणि तीन मिनिटांचा उंचवटा सरासरीत सपाट होऊन जातो. बॅकअपच्या सर्व्हरवर ती एका मिनिटावर आणा.

लोड दिसला की नाइस १९ (प्रोसेसला सीपीयूसाठी सगळ्यात कमी प्राधान्य) लावून मोकळं व्हायचं, ही सगळ्यांची सवय. नाइस सीपीयूची वाटणी बदलतं. डिस्क अडलेली असताना ते लावणं म्हणजे रोग रेड्याला, औषध पखालीला. मग लोक डिस्कचं प्राधान्य बदलणाऱ्या आयओनाइसकडे वळतात, आणि इथे खरी मेख आहे: त्याचा परिणाम डिस्कच्या आयओ शेड्यूलरवर, म्हणजे विनंत्यांचा क्रम लावणाऱ्या कर्नलच्या भागावर, अवलंबून असतो. पूर्वी सीएफक्यू नावाचा शेड्यूलर ते मानायचा, पण कर्नल ५.० मध्ये तो काढून टाकला. आज बीएफक्यू मानतो. एनव्हीएमईवर मात्र सहसा 'नन', म्हणजे कोणताच शेड्यूलर नाही, असं असतं आणि तिथे आयओनाइस चूप बसतं, एररही देत नाही. सिस फाइलसिस्टिममध्ये त्या डिस्कच्या क्यू डिरेक्टरीत शेड्यूलर नावाची फाइल असते. ती उघडा, चौकटी कंसात जे नाव असेल ते चालू आहे.

भरवशाचा उपाय म्हणजे वेगालाच मर्यादा घालणं. फायली कॉपी करणाऱ्या आरसिंकला बीडब्ल्यूलिमिट २०००० दिलं की तो सेकंदाला सुमारे २० एमबीवर थांबतो. डेटाबेसचा डंप (त्यातल्या डेटाची काढलेली प्रत) एका कमांडमधून दुसरीत पाइपने जात असेल तर मध्ये पीव्ही ही कमांड घालून तेवढीच मर्यादा लावता येते. त्याहून बरं म्हणजे बॅकअप क्रॉनऐवजी (ठरल्या वेळी कामं चालवणारी जुनी सोय) सिस्टिमडी सर्व्हिस आणि टायमरवर न्यायचा. सर्व्हिस फाइलमध्ये आयओ-रीड-बँडविड्थ-मॅक्स लावलं की मर्यादा सीग्रूपमार्फत (प्रोसेसच्या गटाला मर्यादा घालणारी कर्नलची सोय) लागू होते, शेड्यूलर कोणताही असो. तिथेच मेमरी-हाय, म्हणजे मेमरीची मर्यादा, एक जीबी ठेवा. बॅकअप सगळी डिस्क एकदा वाचतो आणि ते वाचलेलं पेज कॅशमध्ये (डिस्कवरून वाचलेलं मेमरीत ठेवण्याची जागा) साठत जाऊन रोजच्या वापरातली पानं बाहेर ढकलतं. बॅकअप पहाटेच संपला आणि तरी सकाळी नऊला साइट मंद, या तक्रारीचं मूळ कित्येकदा इथे असतं.

वेग कमी करताना गणित मांडा. २०० जीबी सेकंदाला १०० एमबीने वाचायला सुमारे ३४ मिनिटं लागतात. २० एमबीने पावणेतीन तास. रात्रीचा निवांत काळ चार तासांचा असेल तर पावणेतीन चालतील, पण पुढच्या वर्षी डेटा दुप्पट झाला की बॅकअप सकाळच्या गर्दीत घुसेल. आणि हे गणित मोठ्या फायलींचं. फिरत्या डिस्कवर दहा लाख छोट्या फायली असतील आणि ती सेकंदाला १०० रँडम वाचनं करत असेल, तर फायलीमागे एकच वाचन धरलं तरी तेवढेच पावणेतीन तास जातात, मग एकूण डेटा पाच जीबी का असेना. इथे बीडब्ल्यूलिमिट काही कामाचं नाही. तो पाठवलेले बाइट मोजतो, फायलींची झडती नाही. कॅश, सेशन आणि थंबनेलच्या डिरेक्टऱ्या बॅकअपमधून वगळा. न वाचलेल्या फाइलचा लोड शून्य असतो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा याच कंटाळवाण्या कामात आहे.

डेटाबेसचं प्रकरण वेगळं. मायएसक्यूएलडंपला सिंगल-ट्रान्झॅक्शन दिलं की इनोडीबी प्रकारची टेबलं लॉक न होता सुसंगत प्रत मिळते. मायआयएसॅम या दुसऱ्या प्रकारच्या टेबलांना ही हमी नाही. मात्र डंप तीन तास चालला तर ती ट्रान्झॅक्शनही तीन तास उघडी राहते, जुन्या नोंदींची सफाई तुंबते आणि त्यांची यादी, म्हणजे हिस्ट्री लिस्ट, फुगत जाते. म्हणजे वेगमर्यादा फार कडक केली तर लोड डिस्कवरून डेटाबेसच्या पोटात जातो. पोस्टग्रेसमध्ये पीजीडंप चालू असताना कुणी ऑल्टर टेबल (टेबलाची रचना बदलणारी कमांड) सोडलं, तर ते डंपच्या लॉकमागे थांबतं आणि त्या टेबलावरच्या साध्या सिलेक्टही त्याच्या मागे अडतात. डिप्लॉयमेंट आणि बॅकअप यांच्या वेळा एकमेकींपासून लांब ठेवा. रेप्लिका (डेटाबेसची दुसऱ्या सर्व्हरवरची चालती प्रत) असेल तर डंप तिच्यावरून घ्या, पण ती किती मागे आहे ते आधी तपासून.

कॉम्प्रेशनला जीझिप एकच कोअर वापरतो. पिगझ (जीझिपचंच अनेक कोअर वापरणारं रूप) मोकळा सोडला तर सगळे कोअर घेतो, म्हणून चार कोअरच्या सर्व्हरवर त्याला दोनच थ्रेड द्या. झेडस्टँडर्ड हा दुसरा कॉम्प्रेसर तिसऱ्या पातळीवर बहुतेक डेटासाठी जीझिपहून बराच वेगवान पडतो. फोटो आणि व्हिडिओ पुन्हा दाबत बसू नका, ते आधीच दाबलेले असतात.

वेळ ठरवताना रात्रीचे बरोबर बारा टाळा. लॉगरोटेट, रिपोर्ट, सगळ्यांचे क्रॉन तिथेच जमतात. दहा सर्व्हर असतील तर टायमरला रँडमाइज्ड-डिले-सेक अर्धा तास द्या, म्हणजे सगळे एकदम सुरू होणार नाहीत. क्रॉनच ठेवायचा असेल तर स्क्रिप्ट फ्लॉकमधून (एका वेळी एकच प्रत चालू देणारी कमांड) चालवा, नाहीतर कालचा बॅकअप संपायच्या आत आजचा सुरू होतो, दोघे मिळून आणखी मंदावतात आणि तिसऱ्या रात्री तिघे असतात.

लोड अचानक कमी झाला तर तेही तपासा. डंप आणि जीझिप पाइपने जोडले की शेल शेवटच्या कमांडचा निकाल धरतो. डंप पासवर्ड चुकल्यामुळे पहिल्याच सेकंदाला मेला तरी जीझिप शून्य (म्हणजे 'काम झालं') परत करतो आणि स्क्रिप्ट 'यशस्वी' छापते. बॅश स्क्रिप्टच्या वरच पाइपफेल चालू करा, म्हणजे पाइपमधली कोणतीही कमांड फसली तरी कळेल. फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहा आणि मायएसक्यूएलडंपची असेल तर शेवटच्या ओळीत 'डंप कम्प्लीटेड' आहे का ते बघून मगच खरं नाव द्या. जुने बॅकअप पुसण्याची ओळ या तपासणीच्या खाली असावी, वर नव्हे.