पायाशी आलेला मासा सुटू नये म्हणून

ऑगस्टच्या बँक हॉलिडेला (सार्वजनिक सुट्टीला) इंग्लंडमधल्या चेसिल बीचवर गळ टाकणार असाल तर हे लक्षात ठेवा. किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांचा उतार तीव्र आहे. परतणाऱ्या लाटेत रीळ फिरवत राहिलात की तंगूस (गळाची दोरी) तुटतो, नाहीतर माशाच्या तोंडातून गरी निसटते, तेही मासा अगदी पायाशी आल्यावर.

१. रीळचा ड्रॅग (किती ओढ बसल्यावर दोरी सुटेल ते ठरवणारा ब्रेक) थोडा सैल ठेवा.
२. लाट ओसरताना रीळ थांबवा. ओढ बसली तर दोरी जाऊ द्या, पण ढिली पडू देऊ नका.
३. पुढची लाट चढू लागली की दोरी ताणलेली ठेवून चार पावले मागे चाला. लाटच मासा वर आणून टाकते.

मासा उचलायला लाटेच्या टप्प्यात उतरू नका. पायाखालचे गोटे सरकतात आणि पाणी आत ओढते.