म्युझिक स्ट्रीमरमधला ‘फट्’ आवाज कसा शोधावा आणि कसा थांबवावा

म्युझिक स्ट्रीमरवर (साठवलेल्या फाइली किंवा इंटरनेटवरची गाणी वाजवणाऱ्या यंत्रावर) विलंबित आलापात स्वर षड्जावर स्थिरावलेला असताना स्पीकरमधून ‘फट्’ असा आवाज आला, की ऐकणाऱ्याचे लक्ष गाण्यावरून उडते आणि पुढचा आवाज केव्हा येतो याकडे लागून राहते. अशा वेळी बहुतेक जण आधी केबल बदलतात, मग सॉफ्टवेअर पुन्हा टाकतात आणि शेवटी नवा डॅक (डिजिटल आकड्यांचे ऐकू येणाऱ्या आवाजाच्या विद्युत-संकेतात रूपांतर करणारे उपकरण) विकत आणतात. आवाज थांबला तरी तो नेमका कशाने थांबला हे कळलेले नसते, त्यामुळे महिन्याभराने तो परत आला की सगळा खटाटोप पहिल्यापासून करावा लागतो. म्हणून आधी काहीही न बदलता आवाज केव्हा येतो ते टिपावे आणि मगच एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. या कामाला दोन-तीन संध्याकाळी लागतात, पण पैसे जवळजवळ लागत नाहीत.

उदाहरणासाठी मी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, त्याला जोडलेला यूएसबी डॅक आणि पुढे अँप्लिफायर व स्पीकर अशी मांडणी धरली आहे, कारण घरी स्ट्रीमर जुळवणारे बरेच जण हीच वापरतात आणि मीही तीच वापरतो. तयार स्ट्रीमर असला तरी तपासण्याचा क्रम हाच राहतो.

पहिली पायरी : आवाज ओळखणे आणि वेळ टिपणे

आपल्या भाषेत आवाजांना पुष्कळ नावे आहेत आणि ती इथे खरोखर उपयोगी पडतात. एकच, जोरदार, छातीला जाणवणारा ‘फट्’ हा बहुधा डॅक सुरू होताना, बंद होताना किंवा गाण्याचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा, बदलताना येतो. बारीक ‘टक्’ म्हणजे आवाजाचे काही नमुने मध्येच गळाले. ‘तडतड’ म्हणजे हेच गळणे पुन्हापुन्हा होत आहे. सलग ‘खरखर’ असेल तर डॅकला येणारी माहिती तो चुकीच्या पद्धतीने वाचत असण्याची शक्यता असते. ‘घूंऽऽ’ असा अखंड आवाज मात्र बहुधा अर्थिंगचा प्रश्न असतो आणि त्याचा शोध वेगळा घ्यावा लागतो.

एका वहीत घड्याळातली वेळ, गाण्याचे नाव, गाण्यातले मिनिट-सेकंद, फाइलचा प्रकार आणि त्या क्षणी घरात काय चालू होते, एवढे लिहावे. शेवटचा रकाना निरर्थक वाटतो, पण माझ्या घरी निम्मे उत्तर त्याच रकान्यात सापडले. ते पुढे येईलच.

आवाज आला की लगेच गाणे दहा सेकंद मागे न्यावे. त्याच जागी पुन्हा तोच आवाज आला, तर दोष यंत्रात नसून फाइलमध्ये आहे. खात्रीसाठी तीच फाइल मोबाइलवर घेऊन हेडफोनने ऐकावी. फ्लॅक (दर्जा न घटवता आकार कमी करणाऱ्या) फाइलमध्ये आवाजाची एक पडताळणी-खूण साठवलेली असते आणि फाइल नंतर बिघडली आहे का, हे तिच्या आधारे तपासता येते. पण सीडीवर ओरखडा असतानाच फाइल तयार केली असेल, तर ती खूण त्या बिघडलेल्या आवाजाचीच असते आणि चाचणी बिनदिक्कत ‘ठीक आहे’ असे सांगते. अशा वेळी सीडी पुसून पुन्हा फाइल करणे हाच उपाय आहे. जुन्या नाट्यसंगीताच्या तबकड्यांवरून उतरवलेल्या फाइलींमध्ये टकटक मुळातच असते. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेत असेल तर आडव्या चऱ्याचा आवाज दर ०.७७ सेकंदाला येतो आणि ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीत दर १.८ सेकंदाला. इतक्या नेमक्या तालात टकटक ऐकू आली, तर स्ट्रीमरला हातही लावू नये.

गाणे बदलताना येणारा ‘फट्’

वहीत बहुतेक नोंदी दोन गाण्यांच्या सांध्यावर पडल्या असतील, तर दोन्ही फाइलींचे सॅम्पल रेट पाहावेत. सीडीचा रेट ४४.१ किलोहर्ट्झ असतो आणि ८८.२ व १७६.४ हे त्याचेच पटीतले नातेवाईक. ४८, ९६ आणि १९२ हे दुसरे घराणे. बऱ्याच डॅकमध्ये या दोन घराण्यांसाठी नमुन्यांचा वेग राखणारी दोन वेगळी घड्याळे असतात. एका घराण्यातून दुसऱ्यात जाताना डॅक क्षणभर ताल सोडतो आणि नवे घड्याळ धरतो. त्या क्षणी त्याने स्वतःचा आवाज नीट बंद केला नाही, तर ती उडी थेट अँप्लिफायरपर्यंत पोहोचते. साध्या पीसीएम फाइलनंतर (प्रत्येक नमुना एका आकड्यात मांडणाऱ्या नेहमीच्या प्रकारानंतर) डीएसडी फाइल (अतिवेगाने येणाऱ्या एकेका बिटात आवाज मांडणारा प्रकार) लागली तर हा धक्का अधिक जोराचा असू शकतो, कारण डीएसडीमध्ये शांतता म्हणजे शून्यांची रांग नसते, तर ठरावीक क्रमाने बदलणाऱ्या बिटांची मालिका असते.

इथे तीन उपाय आहेत. एका यादीत एकाच घराण्यातली गाणी ठेवणे हा सर्वांत सोपा. स्ट्रीमरच्या सेटिंगमध्ये सर्व गाणी एकाच रेटवर बदलून पाठवण्याची सोय असेल तर ती वापरून पाहणे हा दुसरा. काही शुद्धतावादी श्रोत्यांना तो पटत नाही, पण माझ्या मते सुरुवातीच्या धक्क्यापेक्षा चांगल्या प्रतीचे रूपांतर केव्हाही बरे. तिसरा म्हणजे डॅकचे फर्मवेअर (त्याच्या आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत करणे, कारण आवाज केव्हा बंद करायचा आणि केव्हा सोडायचा हा निर्णय तिथेच होतो. डीएसडी पीसीएमच्या वेष्टणात पाठवत असाल, तर सॉफ्टवेअरमधला व्हॉल्यूम शंभर टक्क्यांवर स्थिर ठेवावा. तो कमी केला की वेष्टणावरच्या खुणा बिघडतात, डॅकला ही फाइल डीएसडी आहे हे कळत नाही आणि केवळ खरखर ऐकू येते.

बराच वेळ काही वाजवले नाही आणि पहिल्याच गाण्याला ‘फट्’ झाले, तर वीज वाचवण्यासाठी डॅक झोपी जात असेल. ती सोय बंद करता येते. अँप्लिफायर नेहमी सर्वांत शेवटी सुरू करावा आणि सर्वांत आधी बंद करावा. ट्वीटर (स्पीकरमधला उंच स्वरांचा छोटा भाग) नाजूक असतो, म्हणून हे सर्व तपासताना व्हॉल्यूम कमीच ठेवावा.

गाण्याच्या मध्ये, अवचित येणारा आवाज

हा प्रकार चिवट आहे, कारण त्याची मुळे तीन ठिकाणी असू शकतात : नेटवर्क, यूएसबीचा मार्ग आणि वीजपुरवठा.

नेटवर्कचा संशय सगळ्यांनाच सर्वांत आधी येतो, पण माझ्या अनुभवात तो फार वेळा खरा ठरत नाही. सीडीच्या दर्जाच्या गाण्याला सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट लागतात आणि २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या गाण्याला साधारण ९.२ मेगाबिट, घरातले वायफाय एवढे सहज वाहून नेते. शिवाय नेटवर्क अडले तर आधी बफर (पुढच्या गाण्याचा तात्पुरता साठा) रिकामा होतो आणि मग गाणे थांबते. त्यामुळे नेटवर्कच्या दोषात बहुधा छोटीशी शांतता ऐकू येते आणि तिच्या दोन्ही टोकांना ‘टक्’ होते. शांतता नसलेला नुसता ‘टक्’ असेल तर पुढे पाहावे. तरीही चाचणी सोपी आहे : तेच गाणे पेन ड्राइव्हवर घेऊन, वायफाय बंद करून वाजवावे. आवाज गेला, तर राउटरपासून इथरनेट केबल ओढावी किंवा बफर वाढवावा.

यूएसबीच्या बाबतीत यंत्राची पिढी महत्त्वाची आहे. रास्पबेरी पायच्या तिसऱ्या पिढीपर्यंतच्या मोठ्या बोर्डांवर इथरनेट आणि सर्व यूएसबी सॉकेट एकाच यूएसबी २.० मार्गावरून जात, म्हणजे नेटवर्कवरून येणारे गाणे आणि डॅककडे जाणारे गाणे एकाच अरुंद गल्लीत समोरासमोर येत. २०१९ साली आलेल्या चौथ्या पिढीत हे मार्ग वेगळे झाले. दुसरी गोष्ट म्हणजे यूएसबी ३.० ची डिस्क आणि तिची केबल २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये व्यत्यय आणू शकते. डिस्क वायफायच्या अँटेनापासून दूर ठेवावी किंवा ५ गिगाहर्ट्झचे वायफाय वापरावे.

आता वीज. माझ्या स्ट्रीमरला मी जुन्या मोबाइलचा चार्जर आणि त्याचीच बारीक केबल लावली होती. वहीत पाच दिवसांच्या नोंदी झाल्यावर एक गोष्ट दिसली : तडतड बहुतेक वेळा नवा अल्बम लावल्यावर पहिल्या मिनिटात येत होती. नवा अल्बम म्हणजे झोपलेली हार्ड डिस्क जागी होणे, आणि डिस्क फिरू लागताना जास्त प्रवाह ओढते. त्या क्षणी बोर्डवरचा लाल दिवा मिचकावताना मी डोळ्यांनी पाहिला. पायचा हा दिवा पुरवठा सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की विझतो. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘गेट थ्रॉटल्ड’ ही विचारणा केली तरी तेच कळते : उत्तर शून्य असेल तर यंत्र सुरू झाल्यापासून वीज कमी पडलेली नाही, शून्य नसेल तर वीज किंवा तापमान यांपैकी काहीतरी बिघडले आहे. चौथ्या पिढीच्या पायला ५.१ व्होल्ट, ३ अँपियरचा अ‍ॅडाप्टर लागतो. तो आणला, डिस्कला स्वतंत्र वीज दिली आणि तडतड थांबली.

पण एक ‘टक्’ उरला. तो गाणे, फाइल, डिस्क यांपैकी कशाशीच जुळत नव्हता. एका संध्याकाळी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “अरे, फ्रिज सुरू झाला की तुझं ते टक् करतं बघ.” मी वहीत फ्रिजचा रकाना वाढवला आणि दोन दिवसांत बारापैकी अकरा नोंदी जुळल्या. कॉम्प्रेसर सुरू किंवा बंद होताना विजेच्या तारांमध्ये क्षणिक झटका उमटतो. पंख्याचा रेग्युलेटर आणि जुन्या ट्यूबलाइटचा चोकही असेच करतात. दोन वेगळे दोष एकाच वेळी असल्यामुळे मी आधी सगळे एकदम बदलले असते, तर मला काहीच उमगले नसते.

यावर स्ट्रीमर आणि अँप्लिफायर दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर, फ्रिजपासून वेगळ्या सर्किटवर घ्यावेत. बोर्डला तिसरी, अर्थची पिन खरोखर जोडलेली आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. आवाज कमी करण्यासाठी अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो अजिबात ऐकू नये. त्यात जिवाला धोका आहे. तरीही टक् राहिला आणि डॅकला ऑप्टिकल सॉकेट असेल, तर ते वापरून पाहावे, कारण त्या केबलमधून प्रकाश जातो, वीज जात नाही. ९६ किलोहर्ट्झच्या वर मात्र अनेक उपकरणांत ऑप्टिकल जोडणी भरवशाची राहत नाही.

ठरावीक वेळाने येणारा ‘टक्’

वहीतल्या वेळा साधारण सारख्या अंतराने येत असतील, तर दोन घड्याळांचा मेळ बसत नसावा. पाठवणाऱ्याचे आणि वाजवणाऱ्याचे घड्याळ दहा लाखांत केवळ ५० ने वेगळे असेल, तरी ४४.१ किलोहर्ट्झवर सेकंदाला सुमारे २.२ नमुन्यांचा फरक पडतो. वाजवणाऱ्याकडे १,००० नमुन्यांची सवड असेल, तर ती साडेसात मिनिटांत संपते आणि एक ‘टक्’ होतो. पुन्हा साडेसात मिनिटांनी दुसरा. असिंक्रोनस यूएसबी असलेल्या डॅकमध्ये डॅकचेच घड्याळ प्रमाण मानले जाते आणि संगणक त्याच्या मागणीप्रमाणे माहिती देतो, त्यामुळे हा दोष तिथे सहसा येत नाही. अनेक खोल्यांत एकच गाणे एकाच वेळी वाजवत असाल, तर ती सोय बंद करून एक संध्याकाळ ऐकावे.

एवढे करूनही आवाज उरला, तर स्ट्रीमरची केबल अँप्लिफायरमधून काढून नुसता अँप्लिफायर अर्धा तास सुरू ठेवावा. तेव्हाही ‘फट्’ झाले, तर दोष स्ट्रीमरचा नाही. अँप्लिफायर दुरुस्तीला द्यावा आणि त्यासोबत वहीतल्या नोंदींचे पान द्यावे, म्हणजे कारागिराला दुकानात आवाज ऐकू आला नाही तरी तो केव्हा आणि कसा येतो हे त्याला कळेल.